ओस्तापच्या संचावरून

फोन खाली ठेवा आधी. चहा निवतोय तो प्या. आता सांगतो ती झेनोवीची गोष्ट. खारकीवच्या पुढं आम्ही एकाच तळघरात राहायचो, वायरलेसचं काम त्याच्याकडे. थापा मारणारा गडी नव्हता तो, तुमच्यासारखा.

ऑक्टोबर, पोक्रोवाच्या सणानंतरचा शनिवार. रात्री नऊला झेनोवी पाण्याच्या टाकीवरच्या संचाची बॅटरी बदलून आला आणि हात चोळत पडद्यासमोर बसला. आपलं जाळं तुम्हाला ठाऊकच आहे, प्रत्येकाचा संच दुसऱ्याचं बोलणं पुढं धाडतो. माणूस पडला की त्याच्या संचाची किल्ली, म्हणजे जाळ्यात शिरायचा गुप्त आकडा, इथूनच पुसायची, म्हणजे तो शत्रूच्या हाती लागला तरी मुका. आठवड्यापूर्वी झेनोवीचा मदतनीस ओस्ताप आमच्या आणि पुढच्या खंदकाच्या मधल्या शेतात पडला. त्याचं प्रेत आणताही आलं नाही. किल्ली झेनोवीनंच पुसली.

शेतापलीकडच्या खंदकात झेनोवीचा भाचा लुक्यान एकटा उरला होता. मधे एकही जिवंत संच नाही. आवाज यायलाच नको होता.

आला.

"मामा, दोन्ही हात गेलेत, बटण हनुवटीनं दाबतोय. मांडीतून रक्त जातंय. पट्टा बांधता येत नाही."

बोलणं कुठून येतंय ते झेनोवीनं पडद्यावर पाहिलं. ओस्तापच्या संचावरून.

कमांडर मागंच उभा होता. म्हणाला, संच त्यांनी उचललाय, आवाजाची नक्कल करून आपली गाडी बोलावतायत, बंद कर.

"त्याचाच आवाज आहे हो."

"मग कुणाला पाठवू? नाव सांग."

झेनोवीनं तळघरात नजर फिरवली. सगळी कुणाची ना कुणाची पोरं.

त्यानं किल्ली पुन्हा पुसली. पडद्यावरून ओस्तापचं नाव हललं नाही. परत पुसली. तसंच.

"मामा... मधे कोणीतरी..."

शेवटी टाकीवरचा संचच, ज्यावरून सगळं बोलणं तळघरात यायचं तो, बंद केला. अकरा वाजले होते. मग काही नाही... नुसती खरखर.

पहाटे धुकं उतरलं तेव्हा चौघं गेले, झेनोवीही. लुक्यान खरंच तिथं होता. गेलेला. अंग अजून कोमट.

मांडीला पट्टा. करकचून बांधलेला. आपल्या रिवाजाप्रमाणं त्यावर पेनानं बांधल्याची वेळ लिहिलेली... अकरा चाळीस.

वर्षभर प्रत्येक बॅटरीवर ओस्तापच तारखा घालायचा. झेनोवीनं त्याचे आकडे ओळखले.