टील इनलेटचा बोया

चार बंदरं, चार बोये. थिया लेडलॉला ते उचलून आणायचे होते, आणि शेवंडांचा हंगाम सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते.

टास्मानियाच्या त्या पूर्व किनाऱ्याची रीतच तशी. शेवंड धरणारा माणूस गेला, की ज्या ज्या बंदरात त्याची होडी बांधायची जागा असेल, तिथला तरंगता बोया घरच्यांनी आपल्या हाताने सोडवायचा. मग ती जागा दुसऱ्याची. ॲलिस्टर लेडलॉ जूनमध्ये, ऐन थंडीत गेले. मागे उरली ही एकुलती मुलगी, 'विनिफ्रेड' नावाची होडी, तिच्यावर तीस वर्षं राबलेला मर्व आणि एक वही.

वहीत प्रत्येक बंदरात शिरायच्या खुणा होत्या. किनाऱ्यावरची पुढची खूण मागच्या खुणेवर आली की होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, तिकडे धरायची, बस. थिया त्या वहीबरहुकूम चालली होती. पहाटे बंदरात शिरायचं, गाव जागं व्हायच्या आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा बोया ओढून घ्यायचा आणि बाहेर पडायचं.

कॅल्डर कोव्हला बेकरीच्या धुराड्यातून नुकता धूर निघत होता. स्टोनी बाइटला धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याने तिला पाहून टोपी काढली. तिने होडी वळवली. लोक वडिलांबद्दल चांगलंच बोलले असते. तेच तिला नको होतं.

मधला किनारा लांबलचक आणि निर्मनुष्य होता. पांढरी वाळू, तिच्यावर ओणवलेले शेंदरी दगडफुलाने माखलेले खडक, आणि त्यांच्यामागे मैलोन् मैल एकसारखं रान. कुठे एखादं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकायचं आणि मागे पडायचं. सुकाणूच्या खोलीत वडिलांचा लोकरी कोट अजून खुंटीवर होता. होडी कलली की तो कोटही कलायचा.

"पोरी, तीन दिवसांत मी जमिनीला पाय लावलेला नाही," मर्व म्हणाला. "मी काय पेंग्विन आहे?"

"पेंग्विनसुद्धा संध्याकाळी किनाऱ्यावर जातो, मर्वकाका. आणि तो इतकी बडबड करत नाही."

"बापाचीच जीभ."

तिसरं गाव मर्सर्स लँडिंग. तिथे मात्र त्यांना उशीर झाला. बोया वर घेऊन निघतात तोच दुकानवाली लॉरेल हातात किटली घेऊन धक्क्याच्या टोकापर्यंत पळत आली. दुसरा हात हलवत ती काहीतरी ओरडली. वाऱ्यात एकही शब्द पोचला नाही. थियाने नुसता हात उंचावला आणि इंजिनाचा वेग वाढवला.

"चहाला बोलावत होती," मर्व खिन्नपणे म्हणाला. "निदान रेडिओवर विचार, टीलच्या मुखाशी वाळू कशी आहे ते. मला तिकडे जाऊन सात वर्षं झाली."

"वही आहे ना."

टील इनलेट म्हणजे नदीचं अरुंद मुख. त्याच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध, आणि बांधावर लाटा फुटत असतात. वहीत वडिलांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'पांढऱ्या चर्चचा कळस डोंगराच्या खाचेत बसला की सरळ आत. घाबरू नकोस.'

ते 'नकोस' कुणाला लिहिलं होतं, कोण जाणे.

दुपारी भरतीला कळस दिसला. पांढरा, टोकदार. थोडं उत्तरेला सरकताच तो बरोबर खाचेत बसला. थियाने नाळ वळवली.

"पाणी फिकं दिसतंय," मर्व म्हणाला.

"कळस खाचेत आहे."

"कळसाचं सोड. पाणी बघ."

होडी थांबली. एकदम! तळाखाली वाळू करकरली. मागून लाट आली. होडी आडवी झाली, काच फुटली, शेवंडांचे पिंजरे घसरले. मर्व कठड्याकडे फेकला गेला! थियाने सुकाणू सोडलं. त्याचा पट्टा धरला. दुसरी लाट! गार पाणी गळ्यापर्यंत आलं आणि ओसरलं. पट्टा हातातच होता.

"वही सोड," मर्व खोकत ओरडला. "लाटा बघ!"

तिने पाहिलं. उजवीकडे सगळं फेसाळ. डावीकडे होडीच्या दुप्पट रुंदीचा एक काळपट पट्टा, जिथे लाट फुटत नव्हती. तिसऱ्या लाटेने होडी उचलली त्याच क्षणी तिने सुकाणू डावीकडे घातलं. इंजिन गुरगुरलं. वाळू सुटली!

त्या पट्ट्यातून दोन वाटा होत्या: आत किंवा बाहेर. आत, हाकेच्या अंतरावर, वडिलांचा बोया पाण्यावर डुलत होता. मर्वचं मनगट वाकडं लोंबत होतं. होडीच्या तळात पाणी शिरत होतं.

थियाने नाळ समुद्राकडे केली.

मर्सर्स लँडिंगला पोचेपर्यंत मर्वने एका हाताने सुकाणू धरलं आणि ती दोन तास हातपंपाने पाणी उपसत होती. लॉरेलने मर्वचा हात फळीला बांधला आणि दोघांपुढे चहा ठेवला.

"मी घसा फोडून सांगत होते. चर्च हलवलं गं. विकलं, मधोमध कापलं आणि ट्रकवर घालून कड्यावर नेलं. होबार्टचं जोडपं राहतं त्यात. घंटेच्या खोलीत न्हाणीघर केलंय."

मर्वने कप खाली ठेवला. "म्हणजे आम्ही कुणाच्या तरी न्हाणीघरावर नेम धरून निघालो होतो."

थिया हसली. जूननंतर पहिल्यांदाच. मग ते हसू मधेच मोडलं आणि तिला तोंड फिरवावं लागलं. लॉरेलने तेवढ्यात किटली पुन्हा भरायला नेली.

"होडी महिनाभर तरी निघणार नाही," परत आल्यावर लॉरेल म्हणाली. "आणि तो बोया दुसरं कुणी सोडवणार नाही. घरचाच हात लागतो."

"टीलमध्ये जागा कुणाला हवी आहे?"

"नोरा व्हेलनला. यंदा पहिल्यांदाच एकटी निघतेय."

"मग तिला सांगा, होडी त्या बोयालाच बांध. बोया राहू दे. घरच्यांनीच सांगितलंय म्हणावं."

तिने ओल्या वहीचं पान अलगद उघडलं आणि लॉरेलकडे पेन मागितलं. त्या वहीत आजवर तिच्या हातचं एक अक्षरही नव्हतं. वडिलांच्या ओळीखाली तिने लिहिलं: 'चर्च हलवलं आहे. आधी लॉरेलला विचारावं.'

"तुझा बाप एकदा इथेच, या खुर्चीत..." लॉरेलने सुरुवात केली आणि ती अडखळली.

थियाने कप पुढे केला. "सांगा," ती म्हणाली.