मिरीच्या मानेवरचे चार थेंब

सौम्याचा फोन आला तेव्हा रंगामामा तिरुनागेश्वरमच्या घरी सकाळची दुसरी कॉफी पीत होते.

"मामा, मिरी मेली. आई म्हणतात, मीच मारली. यांनी माझं कऱ्हाडचं तिकीट काढलंय, रविवारचं. फक्त जायचं, यायचं नाही. तुम्ही पोलिसात होता ना? मी मारली नाही, एवढं शोधून द्या."

पोलिसात तीस वर्षं काढून रंगामामा सबइन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. चोर पाहिले, खुनी पाहिले; मांजराच्या मृत्यूचा तपास मात्र पहिलाच. एरवी हसले असते, पण आज हसू आलं नाही. भाचा जयकुमार याच्यासाठी सौम्याचं स्थळ त्यांनीच आणलं होतं, आठ महिन्यांपूर्वी. विजयलक्ष्मीअक्काची, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची, एकच अट होती. सून मराठी बोलणारी हवी. पूर्वज तंजावरच्या दरबारात आले त्याला तीनशे वर्षं उलटली. बाहेर सगळं तमिळ, पण उंबऱ्याच्या आत मराठीशिवाय शब्द उच्चारायचा नाही, हा अक्काचा नेम.

कुंभकोणमची बस पकडून ते अर्ध्या तासात पोचले.

वेताच्या करंडीत, पांढऱ्या कापडावर, काळीभोर मिरी ताठ होऊन पडली होती. शेजारी जमिनीवर अक्का बसली होती. नवरा गेल्यापासून सहा वर्षं हे मांजर तिच्या उशाशी झोपत होतं.

"काल दुपारीं धडधाकट होती, रंगा. सांजेस थरथर कांपूं लागली. पहाटेस गेली."

"डॉक्टर?"

"गांवास गेला होता म्हणे."

"तुज संशय कोणाचा?"

"संशय कसला? परवां हिणेंच म्हटलें, घरांत पिसवा राहतील नाहींतर मी. दुधांत उंदराचें औषध कालविलें असेल, आणिक काय?"

सौम्या दाराशी उभी होती. तिच्या घोट्यांवर लाल पुळ्यांची रांगोळी उठली होती. पिसवांना तिचं कोवळं रक्त आवडलं होतं. आणि अक्का मांजराच्या काळजीपोटी घरात फवारा मारू देत नव्हती. मामा बसल्या बसल्या दोन पिसवांनी त्यांनाही कडकडून चावून घेतलं.

त्यांनी मिरीला तपासायला घेतलं. तोंडात रक्त नाही, फेस नाही. हिरड्या साफ. उंदराच्या औषधाची खूण कुठेच नव्हती. मानेच्या मागचे केस मात्र चिकटून त्यांची बट झाली होती. बोटाला तेल लागलं, उग्र वासाचं.

मग त्यांचं लक्ष कापडावर गेलं. धुळीचे वाटलेले काळे ठिपके त्यांनी नखावर घेऊन पाहिले. पिसवा होत्या, मेलेल्या.

रंगामामा विचारात पडले. बेवारस प्रेतांजवळ पंचनाम्याला त्यांनी पुष्कळ वेळ काढला होता. अंग थंड पडलं की पिसवा टुणकन उडून जिवंत माणसावर येतात, हा अनुभव चांगलाच होता. इथे पिसवाही मिरीबरोबरच मेल्या होत्या.

कामवाली भवानी मागच्या अंगणात भांडी घासत होती. आत येताना मामांना उंबऱ्यापाशी पांढरी पावडर दिसली होती, म्हणून तिच्याशी ते तमिळमध्ये बोलले.

"घरात पांढरी पावडर कोणी टाकली?"

"मी. मुंग्यांसाठी, उंबऱ्याला."

"मांजराच्या अंगावर?"

"त्याच्या अंगाला कोण हात लावणार, सार? बोचकारतं. अम्माच धरू शकतात." ती क्षणभर थांबली. "आणि अलीकडे ही नवी अम्मा. ती आली की आपणहून मांडीवर बसायचं."

हे अक्काला ठाऊक नसावं. मामांनी सौम्याला ओसरीवर बोलावलं.

"मानेवर काय घातलंस?"

"पिसवांचं औषध. काल दुपारी. आईंनीच आणायला पाठवलं. नाचियारकोविलच्या रस्त्यावर व्यंकोबाचं दुकान आहे, गुरांच्या औषधांचं. म्हणाल्या, आपला मनुष्य, मराठींतच बोल."

"व्यंकोबा होता?"

"चाळिशीचा कोणी होता. मुलगा असेल त्यांचा. मी म्हटलं, पिसवांचं औषध द्या. त्याला नीट कळलं नाही, म्हणून मान खाजवून दाखवली. त्यानं आतून एक सुटी नळी आणली. चार थेंब मानेवर टाकायचे, असं हातानं दाखवलं."

"काही विचारलंस?"

"विचारलं की. औषधाचीच भीती वाटत होती. म्हटलं, काय होणार नाय ना? तो म्हणाला, नाय, नाय."

"दोनदा?"

"दोनदा. हसून म्हणाला."

तिनं रिकामी नळी जपून ठेवली होती. वरची अक्षरं पुसून गेली होती. रंगामामांनी ती खिशात टाकली. दुकानदारानं स्वतः खात्री दिली, तर औषधात खोट नसावी, असं त्यांनाही वाटलं. मग उरलं काय?

ते रस्त्यावर उतरले. चार घरं पुढे पायरीवर एक लालसर कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. दारातल्या बाईनं जपून जा म्हणून बजावलं, "सार, पार्त्तु पोंगो. नाय् इरुक्कु."

रंगामामा जागीच उभे राहिले. बाईला वाटलं, म्हातारा घाबरला.

"नाय्," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि रिक्षाला हात केला.

दुकानातल्या माणसाला त्यांनी तीनच प्रश्न विचारले. व्यंकोबा कुठे? नळी कुठल्या खोक्यातली? आणि घरातल्या पिसवांचं काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाला त्यानं हात झटकले. फटीफटींत कोष असतात, म्हणाला, कित्येक महिने निघत राहतील; मांजर नसेल तर माणसांना चावतील.

रंगामामा परत निघाले. गुन्हा उकलल्यावर इतकं वाईट त्यांना नोकरीत कधी वाटलं नव्हतं. खोटं सांगावं, असंही मनात आलं. पण त्या पोरीनं खरं शोधायलाच बोलावलं होतं.

त्यांनी दोघींना समोर बसवलं आणि दुकानातून आणलेलं नळीचं रिकामं खोकं करंडीजवळ ठेवलं. खोक्यावर कुत्र्याचं चित्र होतं.

"उंदराचें औषध नव्हतें, अक्का. तसें असतें तर पिसवा मेल्या नसत्या. ज्या विषानें मांजर गेलें, त्यानेंच पिसवा गेल्या. मानेवरचें तेल तेंच. हें औषध कुत्र्याचें. कुत्र्यास सोसतें, मांजरास चार थेंब पुरे."

"मग हिणेंच मारलें," अक्का म्हणाली.

"हात हिचाच." सौम्याकडे पाहवेना, म्हणून ते खोक्याकडे पाहत बोलले. "पण ऐक. व्यंकोबा वारून दोन वर्षें झालीं. ऐंशीचा होता, अक्का; चाळिशीचा माणूस म्हटला तेव्हांच मज खटकावें होतें. दुकान आतां दुसऱ्याचें. त्यास मराठीचें अक्षर कळत नाहीं. हिचें सारें बोलणें वाऱ्यावर गेलें, एक शब्द सोडून. ही म्हणाली, 'काय होणार नाय ना?' कऱ्हाडकडे 'नाहीं' असें म्हणत नाहींत, 'नाय' म्हणतात. आणि तमिळींत नाय् म्हणजे काय, तें तुज मीं सांगावें काय?"

अक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सौम्याला अजून काहीच कळलं नव्हतं.

"काय म्हणजे?" तिनं विचारलं.

"कुत्रा," रंगामामा म्हणाले. "त्यास वाटलें, तूं कुत्र्याचें औषध ना म्हणून विचारतीस. तो म्हणाला, नाय्, नाय्. कुत्र्याचेंच, कुत्र्याचेंच. तुज वाटलें, कांहीं होणार नाहीं म्हणतो. मीही या घरांत बसून तेंच ऐकिलें. इथें कान मराठीच होतात."

सौम्या खोक्यावरच्या चित्राकडे बघत राहिली. "पहाटेपर्यंत माझ्याकडेच बघत होती," ती म्हणाली. "मी पाणी पाजत होते."

मग तिनं अक्काकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "आई, मी आल्या आल्या म्हटलं होतं, मला थोडं तमिळ शिकवा. आठवतं?"

अक्काला आठवत होतं. मराठी सून घरांत तमिळ बोलायास आणिली नाहीं, असं तीच म्हणाली होती, आणि ते वाक्य चार नातेवाइकांना कौतुकानं सांगितलंही होतं. तिनं हात पुढे केला. तो सौम्यापर्यंत पोचला नाही.

"चूक माझी आहे, बाळ. मी जयास सांगतें, तिकीट परत कर म्हणून. राहतीस ना?"

"नाय," सौम्या म्हणाली.

रंगामामांना तो शब्द या वेळी नीट कळला. ती उठून बॅग भरायला आत गेली. अक्का करंडीपाशी बसून राहिली. तिच्या पायांना पिसवा चावत होत्या आणि ती त्या झटकत नव्हती.