ससाण्याला नाव नव्हतं

सप्टेंबरातली दुपार होती. मला एक गाणं टेप करायचं होतं, इतकंच. माझा भाऊ रेल्या गाडी डोंगराखाली लावून आलुबुखाराच्या बागेत जाऊन बसला. मी एकटीच वर, स्तामेना आजींच्या घरी गेले.

स्तामेना आजींनी चमचाभर मुरांबा आणि गार पाणी पुढे ठेवलं. लग्नाची गाणी भराभर म्हटली. मग मी मेलेल्यासाठीचं रडगाणं मागितलं.

“घरात प्रेत आहे का, पोरी? मग?”

“आजी, गावात सात माणसं उरलीत. तुमच्याबरोबर गाणंही पुरायचं का?”

“जीभ आहे की कात्री!” त्या हसल्या. मग हसू ओसरलं. “त्याला नाव लागतं. मेलेल्याचं.”

“नाव नको. नुसतं ‘करडा ससाणा’ म्हणा.”

आमच्या गाण्यांत ससाणा म्हणजे भाऊ आणि कुकू पक्षीण म्हणजे त्याच्यासाठी रडणारी बहीण. हे मी लोकगीतांच्या परीक्षेत लिहून आले होते. नाव नाही म्हणजे कुणीच नाही, असं मला वाटलं.

“बिननावाचं गाणं मागणारीच्या घरी जातं. तुला भाऊ आहे?”

हे गाणं येणारी बाई दुसरी कुठेच उरली नव्हती. मी पटकन म्हणाले, “नाही.”

त्यांनी काळा रुमाल कपाळावर ओढला आणि दाराकडे तोंड केलं. निघालेला आवाज म्हातारीचा नव्हता. करड्या ससाण्या, अंथरूण अजून उबदार आहे... एवढ्या घाईने कुठे? डावा बूट तरी बांध...

खोलीत मेण जळल्याचा वास भरला. मेणबत्ती कुठेच नव्हती.

गाणं संपलं. दार करकरलं.

“झालं का गं? भूक लागलीय,” टोपीभर आलुबुखार घेऊन रेल्या उभा होता. डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

“आलेच रे, दादा.”

आजी माझ्याकडे वळल्या. “काय म्हणालीस... दादा?”

त्या धडपडत गुडघ्यांवर बसल्या, रेल्याच्या नाडीला तीन गाठी मारल्या. “सोडू नकोस, लेकरा.”

“मग काय, बूट घालूनच झोपू?” रेल्या हसला.

त्या दुपारनंतरचा आज पस्तिसावा दिवस. तो शेजारच्या खोलीत शीळ घालतोय. गाठी मी सोडू दिलेल्या नाहीत. तो बूट तसाच ओढून काढतो आणि मला वेडी म्हणतो.

टेप मात्र मी त्याला ऐकवलेली नाही. गाणं संपतं. दार करकरतं. मग नुसती शांतता, एक वाक्य बोलून होईल एवढी.

आणि मग माझा आवाज... “आलेच रे, दादा.”