अदलाबदलीची तोंडी

मार्च संपत आला होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरीही सत्यशीला भरदुपारी नखशिखांत भिजली!

झालं असं, की कॉलेजच्या संगणक लॅबमधला कूलर कोरडा पडला होता, म्हणून सुदर्शन बादलीभर पाणी घेऊन आला. आता पाणी ओतताना माणसानं टाकीकडे बघावं की नाही? ह्या साहेबांचं लक्ष कूलरशेजारी बसलेल्या मुलीच्या वेणीकडे. मग व्हायचं तेच झालं. अर्धी बादली टाकीत, अर्धी सत्यशीलाच्या अंगावर.

"सॉरी... अरे यार, सॉरी! नाही म्हणजे... ऊन लई आहे ना..."

"ऊन हाय म्हणून माणसं भिजवत्यात व्हय?" तिनं डोळे वटारले. पण ओढणी पिळताना ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलंच, आणि ते त्या चोरानं बरोबर टिपलं.

तिची खुर्ची चिंब झाली होती. "इथं बस, माझ्याशेजारी," त्यानं आपल्या बाजूची खुर्ची रुमालानं पुसून दिली. ती बसते न बसते तोच विश्वजीत सर आत आले आणि म्हणाले, "आत्ता जो ज्याच्याशेजारी बसलाय, तीच शेवटच्या प्रकल्पाची जोडी. कुणी जागा बदलायची नाही."

सुदर्शननं कूलरकडे असं काही प्रेमानं पाहिलं, की विचारू नका.

सर म्हणजे वल्लीच. भिंतीवर एक तक्ता होता: संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला काय काय आलं पाहिजे. प्रश्न नीट समजून घेणं, तो सोडवणं, चारचौघांत मांडणं, जोडीनं काम करणं, असं बरंच काही. इतर कॉलेजांत असे तक्ते तपासणीपुरते लागतात. सर मात्र त्यावर पट्टी आपटून म्हणाले, "हे शोभेला लावलेलं नाही. प्रकल्प दोघांनी करायचा, पण तोंडी परीक्षेत स्वतःचा भाग सांगायचा नाही. जोडीदारानं लिहिलेला भाग समजावून द्यायचा. समजावता आलं, तर आलं म्हणायचं!"

वर्गात 'आई गं' आणि 'मेलो' असे आवाज उठले. सत्यशीला मात्र तक्त्यातल्या 'चारचौघांत मांडणं' ह्या ओळीकडेच बघत राहिली.

कारण गेल्या सत्रात तिचा प्रोग्राम वर्गात सगळ्यात नेटका चालला होता आणि तोंडीला तिची वाचाच बसली. सोयगावकडची पोर, बाप मेंढरं राखणारा, घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. परीक्षकांनी इंग्रजीत दोन प्रश्न फेकले आणि हिच्या घशातून शब्द फुटेना. "कुणाकडून लिहून आणलंस?" त्यांनी विचारलं. झालं! त्या दिवसापासून वर्गात कुजबुज सुरू झाली. आता हे शेवटचं सत्र. ह्यावेळीही घसा बसला, तर पदवी मिळेल एक वेळ, पण ती तिची स्वतःची आहे असं कुणी मानणार नव्हतं. आणि सत्यशीलाला ते नेमकं तेवढंच हवं होतं.

प्रकल्प सुदर्शनला सुचला. त्याचा थोरला भाऊ ऋतुराज वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. कुठल्या थांब्यावर कामगारांना आधी घ्यायचं, यावरून कंपनीच्या बसमध्ये रोज भांडण. दोघांनी ठरवलं, बसचा सगळ्यात आखूड रस्ता सुदर्शननं काढायचा, आणि 'बस किती वेळात येईल' हे सत्यशीलानं कामगारांच्या मोबाईलवर कळवायचं.

मग रोज संध्याकाळी दोन खुर्च्या आणि एक कीबोर्ड. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं चुका काढायच्या. कीबोर्ड इकडून तिकडे सरकवताना बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही एकदम स्क्रीनकडे बघायला लागायचे, जणू तिथं काही फार महत्त्वाचं लिहिलंय!

"तू चूक काढताना नाक उडवतेस," तो एकदा म्हणाला.

"अन् तू चूक करताना गाणं गुणगुणतोस. मला लांबूनच कळतं."

"म्हणजे लक्ष असतं तुझं माझ्याकडे."

"चुकांकडं असतं," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या म्हणून पाणी प्यायला उठून गेली.

एप्रिलभर असं चाललं. कॅन्टीनमध्ये कटिंग चहा, कडुलिंबाखाली वाद, आणि बोलता बोलता सुदर्शनसमोर तिचा आवाज कसा मोकळा झाला, ते तिचं तिलाही कळलं नाही. आपण ह्याच्या प्रेमात पडलोय, हे मात्र तिला चांगलंच कळलं होतं. त्याला? तो तर बादली रिकामी झाली तेव्हाच गेला होता कामातून.

आणि मग गड्यानं माती खाल्ली.

परीक्षा तोंडावर आलेली. सत्यशीलानं सगळे थांबे भरून ॲप चालवलं. पाच-सहा थांब्यांना झरझर चालणारं ॲप आता जागचं हलेना. तिनं आत डोकावून पाहिलं, आणि तिचं डोकंच फिरलं. रस्ता काढायची सुदर्शनची सुरेख पद्धत गायब! तिच्या जागी बाळबोध प्रकार: थांब्यांचे सगळेच्या सगळे क्रम एकेक करून तपासायचे. थांबे वाढले की ते जन्मात संपणार नव्हतं.

"हे कुणी बदललं?"

"मी," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे... माझा भाग तुला सांगायचाय ना. तो अवघड होता. म्हटलं, तुला तोंडीला त्रास नको... म्हणून सोपं करून ठेवलं."

सत्यशीलानं कीबोर्ड बाजूला सारला. मग तोंडून निघालं ते फाडकन निघालं.

"मला येणार नाय असं वाटलं तुला? त्या परीक्षकाला वाटलं, वर्गाला वाटलं, आता तुलाबी? अरे, परक्यानं हिणवलं तर सोसंल मी. तू माझी कीव कामून करतोस?"

"कीव नाही गं... तू रडू नयेस एवढंच..."

"रडीन, नायतर पडीन! माझं मी बघीन. तुझं जुनं आत्ताच्या आत्ता परत टाक."

तो मान खाली घालून बसला, आणि जुनी पद्धत परत आली. परीक्षेपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. पण त्याची ती अवघड पद्धत तिनं होस्टेलच्या गच्चीवर, मैत्रिणींपुढे, आरशापुढे, समजावून समजावून पार घोटून काढली.

परीक्षेला बाहेरगावच्या मॅडम आल्या होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या, हसू म्हणून नाही. विश्वजीत सर बाजूला, मागं सगळा वर्ग. बसचा रस्ता कसा काढलाय, असं मॅडमनी विचारलं आणि सत्यशीलाचा घसा... हो, बसलाच! मागून कुणीतरी खुसखुसलं. तिनं सुदर्शनकडे पाहिलं. तो पुढे झाला नाही. काही सुचवलं नाही. दोन्ही हात मागे बांधून, ओठ घट्ट मिटून तो उभा होता.

तिनं खडू उचलला, फळ्यावर चार थांबे मांडले.

"मॅडम, मराठीत सांगते. ही बस छावणीतून थेट बजाजनगरला गेली, मग माघारी नगर नाक्याला आली, मग पुन्हा रांजणगावला. बघा, फळ्यावर वाट एकाच रेघेवरून वर-खाली चाललीय. जिथं वाट अशी स्वतःवरच चढते, तिथं मधला तुकडा उलटा करून बघायचा. छावणी, नगर नाका, बजाजनगर, रांजणगाव. रस्ता घटला ना? घटला तर ठेवायचा, नायतर सोडायचा. घटायचा थांबेपर्यंत हेच करत राहायचं."

"हाच सगळ्यात आखूड रस्ता, असं छातीठोक सांगशील?"

"नाही मॅडम. चांगला आहे, लवकर मिळतो. सगळ्यात आखूडच पाहिजे म्हणलं, तर बस निघायच्या आत मिळायचा नाही!"

मॅडम चक्क हसल्या. वर्ग चिडीचूप.

मग सुदर्शनची पाळी. सत्यशीलाचा भाग त्यानं धडाधड सांगितला. एका ओळीवर मॅडमनी बोट ठेवलं. "बसची नवी वेळ कळली, तरी जुनी वेळ पूर्ण पुसलेली नाही. दोन्हींचा मेळ घातलाय. का?"

सुदर्शननं ती ओळ पुन्हा वाचली. डोकं खाजवलं.

"मॅडम... हे मला नाही आलं. हे डोकं तिचं आहे. मी कितीदा वाचलं, पण तिनं असं का केलं, ते मला कळलेलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "मग तू सांग," त्या सत्यशीलाला म्हणाल्या.

आणि ती बोलली! सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं खणखणीत. "बस सिग्नलला जराशी थांबली अन् आपण लगेच 'उशीर' कळवला, तर माणूस घाबरून रिक्षा करतो. पैसे जातात, अन् मागून बस येते. म्हणून एका थांबण्यावर भरवसा ठेवायचा नाही. जुन्या वेळेचा थोडा मान राखायचा."

"हे कुणाकडून लिहून आणलंस, असं तुला कुणी विचारणार नाही आता," विश्वजीत सर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. त्याच वर्गाच्या टाळ्या! दोघंही पास. सुदर्शनचे गुण तिच्यापेक्षा थोडे कमी.

बाहेर व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. "खरं सांग. मुद्दाम अडलास ना? माझ्यासाठी?"

"आईशप्पथ नाही!"

"मग सांग, जुन्या वेळेला जास्त मान द्यायचा की नव्या?"

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "...जुन्या? नाही, नव्या... नक्को यार, नाही येत मला. खरंच नाही येत!"

खरंच येत नव्हतं त्याला, ही कीव नव्हती! सत्यशीलाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"सुदर्शन," ती म्हणाली, "तू मला आवडतोस."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. त्याचे कान लालेलाल झाले. "हळू... हळू बोल ना..."

"हळू कामून?" ती आणखी मोठ्यानं म्हणाली. "लई आवडतोस!"