परसातलं बारावं झाड

झाडं मोजायचं काम कादंबरीला मनापासून आवडायचं. सुकापुरात नव्या इमारतीचा नकाशा मंजूर व्हायच्या आधी ती सरकारी टेप घेऊन हजर. खोडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा, फोटो काढायचा की पुढचं झाड. त्यात या सप्टेंबरात पाचवा महिना लागला होता. उलट्या थांबून भूक सडकून लागत होती. नवरा सत्यजीत डबा भरून द्यायचा आणि ती साडेदहालाच तो फस्त करायची. एकूण बाईसाहेब खुशीत होत्या.

जागा बिल्डरला दिलेल्या सोनाबाईंच्या परसात तुनाची अकरा झाडं निघाली. तून म्हणजे महोगनीच्या कुळातलं रानझाड. पानं कडुनिंबाच्या थोरल्या बहिणीसारखी, लाकूड तांबूस आणि वासाचं. भर वस्तीत एवढी कुठून आली, असं तिने विचारलं.

"पोर झालं का त्याची नाल पुरायची, न् वर तून लावायचा," सोनाबाई पायरीवरूनच म्हणाल्या. "आमी घरात अकरा हाव."

यादीतली झाडं बिल्डर बागेत राखणार होता. यादीबाहेरचं सगळं जेसीबी साफ करणार होता.

काही फोटो धूसर आले म्हणून ती पुन्हा गेली, तर झाडं बारा भरली. उलट्या बाजूने मोजली, तरी बाराच. विहिरीच्या कडेला चांगलं वाढलेलं एक झाड उभं होतं, घेर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. आधीच्या फोटोत तिथे नुसतं गवत होतं. या दिवसांत माणूस वेंधळं होतं म्हणतात ते खरंच, असं म्हणून ती स्वतःशीच हसली.

"हे कुणाचं हो?"

"मना ठावं नाय." सोनाबाई त्या झाडाकडे गेल्या मात्र नाहीत.

त्या संध्याकाळी सत्यजीतने गंमत म्हणून तीच टेप तिच्या पोटाभोवती गुंडाळली. अठ्ठ्याऐंशी. ती विसरूनही गेली असती, पण ऑक्टोबरात झाड ब्याण्णव भरलं. घरी येऊन तिने गुपचूप टेप काढली. ब्याण्णव. नोव्हेंबरात झाड सत्त्याण्णव आणि तीही सत्त्याण्णव.

नवल म्हणजे तिला भीती वाटली नाही. झाडाला पाठ टेकली की कंबर दुखायची थांबे आणि आतली वळवळ शांत होई. डबाही ती तिथेच खायला लागली. हळूहळू सोनाबाई जवळ येऊन बसू लागल्या, न मागता ताक देऊ लागल्या.

यादी द्यायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून साहेबांचा फोन आला. ड्रोनच्या फोटोत अकरा दिसतायत, अकराच लिहा. त्या झाडावर जेसीबी चालला तर आपल्या बाळाला काहीतरी होईल, असं कादंबरीला स्पष्ट वाटलं. सायन्स शिकलेल्या बाईला असं वाटू नये, हेही वाटलं.

तिने बारा लिहिली.

फॉर्मात मालकाचा रकाना होता. अकरा ओळींत सोनाबाईंचं नाव होतं. बाराव्या ओळीतही तिने तेच लिहिलं. सोनाबाईंनी ती ओळ तिला दोनदा मोठ्याने वाचायला लावली आणि मगच अंगठा दिला.

जानेवारीत मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. मार्चमध्ये कादंबरी तिला घेऊन सुकापूरला गेली. सगळी झाडं वाचली होती, तांबडी पालवी फुटली होती. विहिरीजवळच्या झाडाला टेप लावावी असं तिला वाटलं नाही.

सोनाबाईंनी हात पुढे केले. परक्या हातात घर डोक्यावर घेणारी ती मुलगी त्यांच्याकडे जाताच गप्प झाली.

"आता आमी बारा," त्या दारातल्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने मान हलवली. ओटीवर पाळणा बांधून तयार होता.

"दिवालीपरयंत दूध पाज तिला, बाय. मंग आनून दे," सोनाबाई कादंबरीला म्हणाल्या. "कागदावर तूच लिवलंस ना."

कोणी आवाज चढवला नाही. वारा छान सुटला होता. कादंबरीने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. आपल्याला रडू यायला हवं, हे तिला कळत होतं, पण ते येत नव्हतं.

दिवाळीत पहाटे गारवा असतो, तिचं स्वेटर सोबत देऊ का, एवढंच तिने विचारलं.