आतला टेकू

दुकानाला आठवड्याची सुट्टी होती, म्हणून ताईला दुपार मोकळी मिळाली. काम म्हणाल तर अगदी साधं. डबल बासची एक तार बदलायची, हात धुवायचे आणि संध्याकाळी वाद्यवृंदाच्या निवड परीक्षेला जायचं.

ताई वाद्यांच्या दुकानात कामाला होती. बास गिटारचं सगळं खातं तिच्याकडे. पोरं यायची ती चकाकी बघून. ताई आधी गिटार त्यांच्या गळ्यात अडकवून त्यांना चांगला वेळ उभं करायची. "खांदा काय म्हणतोय ते सांग, रंगाचं मग बघू," म्हणायची. स्पीकरचा खोका मोठा म्हणजे आवाज मोठा असं नसतं, हेही तिनं किती जणांना सांगितलं असेल देव जाणे. शिवाय दुरुस्ती. घामानं मेलेल्या तारा चारही एकदम काढायच्या, पट्टी पुसून तिला तेलाचा हात द्यायचा आणि नव्या तारा चढवायच्या. हे काम तिचे हात झोपेतही करतील. आणि तिथंच घात झाला, बरं का.

कारण डबल बासचा न्याय वेगळा. व्हायोलिनच्या घाटाचं, माणसापेक्षा उंच ते धूड, पण आतून पोकळ आणि नाजूक. त्याच्या पोटात, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये, लाकडाची एक जाडसर कांडी उभी असते. तिला कारागीर टेकू म्हणतात. हा टेकू कशानंही चिकटवलेला नसतो. वरून तारांचा दाब असतो म्हणून तो उभा, आणि तो उभा म्हणून पुढची फळी त्या दाबाखाली बसत नाही. एकमेकांच्या आधारानं संसार चालतो. म्हणून इथं एक तार काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मगच दुसरीला हात लावायचा.

ताईचा बास जुना होता. तो घ्यायला ती एका वृद्ध बाईंच्या घरी गेली होती. त्याआधी बाजारात एक नवाकोरा बघून झाला होता, पण त्यावर बोट आपटलं तर कपाटावर आपटल्यासारखा आवाज आला. या जुन्याची गोष्टच निराळी. बाई नुसत्या बोलत होत्या, तरी कोपऱ्यात उभ्या असलेल्या बासची जाड तार हलकेच घुमत होती. ताईनं तिथंच ठरवलं.

"माझी थोरली बहीण वाजवायची," बाई म्हणाल्या होत्या. "मोठ्या वाद्यवृंदात परीक्षेलाही गेली होती. तेव्हा पडदा कुठला? समोरच्यांनी तिला बघितलं आणि गज उचलायच्या आत परत पाठवलं. बाईमाणसाला एवढं ओझं झेपायचं नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय... घरात वाजवत राहिली. शेवटपर्यंत." बाईंनी बासच्या पाठीवरून हात फिरवला. "तारा सगळ्या एकदम काढू नका हं. ती कधीच काढायची नाही."

आता ताईची परीक्षा होती ती त्याच वाद्यवृंदात. कायमची खुर्ची, एकच. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. हल्ली उमेदवाराला पडद्यामागं ठेवतात, पावलांवरूनही बाई की पुरुष कळू नये म्हणून जमिनीवर जाड सतरंजी घालतात, एक शब्द बोलू देत नाहीत. पलीकडच्यांनी फक्त ऐकायचं. आणि नेमकं सकाळी एका तारेवर गुंडाळलेलं धातूचं वेटोळं सुटलं.

ताईनं दुकानाच्या मागच्या खोलीत बास बाकावर गादी घालून आडवा ठेवला. तेवढ्यात आईचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"कुठली साडी नेसणारेस?"

"आई, मी पडद्यामागं असणार. कोण बघणारे मला?"

"पडद्यामागं असलं म्हणून काय झालं? आपलं आपल्याला बरं वाटतं. आणि काहीतरी खाऊन जा. गेल्या वेळी उपाशी गेलीस आणि हात कापत होते तुझे."

"हो गं आई."

"हो गं म्हणतेस आणि खात नाहीस. माझ्या जिवाला घोर."

आई बोलत होती आणि ताई हसत होती. आणि ताईचे हात, दुकानातले ते शहाणे हात, त्यांच्या सवयीनं काम करत होते. फोन ठेवला तेव्हा बाकावर चारही तारा गुंडाळून ठेवलेल्या होत्या. ज्या घोडीवरून तारा जातात, ती घोडी सैल होऊन तिच्या तळव्यात आली होती. आणि वाद्याच्या पोटात टक् असं वाजलं. काहीतरी गडगडत गेलं आणि थांबलं.

ताई तशीच उभी राहिली. 

भुसाकाकांना फोन लावला. तंतुवाद्यांचे हे कारागीर, अंगावर कायम लाकडाचा भुसा, म्हणून नाव भुसाकाका. नेमके ते लेकीकडे परगावी गेले होते.

"टेकू पडला?" ते हळूच म्हणाले. "ताई, तुम्ही? दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर समजलो असतो."

"काका, बोलणी नंतर खाईन. आत्ता काय करू?"

"वाकडी तार घ्या. पुढच्या फळीला त्या नागमोडी फटी असतात ना, त्यातून आत घालून उभा करून बघा. पण एक ऐका. टेकू नसताना तारा ताणू नका. फळी खाली बसेल. मग ते वाद्य गेलंच समजा."

ताईनं वाकडी तार घेतली, चमचा घेतला, छत्रीची काडी घेतली. फटीतून हात जाईल तो बोटांपुरता. टेकू उभा राहायचा, जरा हलायचा आणि पुन्हा गडगडत जायचा. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत दारापाशी गेली. आतून जुन्या लाकडाचा आणि राळेचा वास येत होता, आणि त्यात कुणाच्या तरी केसांना लावलेल्या तेलाचा. हा वास आधी नव्हता. मानेवर घाम, बोटांना ओरखडे. शेवटी ताईनं हत्यारं टाकली, त्या फटीवर कपाळ टेकलं आणि रडली. चांगली हमसून रडली.

आणि मग, माणूस बुडताना काय बोलतो त्याला काही अर्थ असतो का, ती त्या अंधाऱ्या फटीत, हा बास शेवटपर्यंत वाजवलेल्या त्या थोरल्या बहिणीला म्हणाली, "बाई... असाल तर धरा हो. मला उभं करता येत नाहीये. एवढी संध्याकाळ धरा. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मग सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत वाद्याच्या पोटात काहीतरी सरपटल्यासारखं झालं. हळू... फळीला आतून घासत. लाकूड करकरलं, जिन्यावर कुणी जपून पाय द्यावा तसं. मग थांबलं.

ताईनं अंगठ्यानं पुढची फळी दाबून पाहिली. भिंतीसारखी घट्ट.

आत डोकवावं असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. मोबाईलचा दिवा हातातच होता. पण वेळ टळत होती आणि खरं सांगायचं तर तिची छाती झाली नाही. टेकू बसला, देव पावला, असं स्वतःला सांगून तिनं घोडी उभी केली आणि तारा चढवल्या. प्रत्येक पिळाला तिचा श्वास अडकत होता. फळी तसूभरही हलली नाही.

परीक्षेचं काय सांगू? ताई पडद्यामागं उभी राहिली, गज ठेवला, आणि जो खर्ज निघाला तो तिनंही कधी ऐकला नव्हता. पायाखालच्या फळ्यांतून तो चालत गेला. एका संथ जागी तिनं श्वास घेतला, तेव्हा पोटाला टेकलेल्या त्या लाकडातही कुणीतरी श्वास घेतला. तिच्याबरोबर, तिच्याच लयीत. ताई घाबरली, पण हात थांबला नाही. उलट एकटी नसल्याचं बळ आलं.  वाजवून झाल्यावर पडद्यापलीकडून एक म्हातारा आवाज आला, "असा खर्ज की माणसानं पाठ टेकून उभं राहावं."

खुर्ची ताईला मिळाली. आई फोनवर रडली आणि लगेच विचारलं, "खाऊन गेली होतीस ना?"

ताई कृतघ्न नव्हती. रोज वाजवायच्या आधी आणि नंतर ती बासच्या पाठीवर तळवा ठेवायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्यामुळं." बाजूच्या खुर्चीवरचे लोक हसायचे, म्हणायचे, ही वाद्याशी संसार करते. करू दे म्हणा. ज्याच्यामुळं ताटात घास पडला त्याला नमस्कार केला तर काय बिघडलं? आत डोकवायचं मात्र तिनं टाळलं. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला?

पण पुढच्या हंगामात, सगळ्यात खालच्या सुरावर बासमधून खुळखुळ ऐकू येऊ लागली. वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी दोनदा हात थांबवला. "तुमच्या वाद्यात काहीतरी सुटं आहे. बघून घ्या," म्हणाले. इलाज नव्हता. ताई बास घेऊन भुसाकाकांकडे गेली.

सकाळची वेळ. खोलीभर ऊन, सरसाचा वास, जमिनीवर पांढरा भुसा. काकांनी बास आडवा केला, फटीतून दिवा आत सोडला आणि लांब दांडीचा छोटा आरसा घातला.

"ताई, खुळखुळतोय तो टेकू आहे."

"सैल झालाय का?"

"सैल?" काका वर न बघता म्हणाले. "आडवा पडलाय. वर धूळ बसलीय. वर्षभराची तरी असेल."

 "म्हणजे... परवा-तेरवा पडला असेल."

"धूळ खोटं बोलत नाही." काकांनी तारांकडे पाहिलं. चारही ताठ, सुरात. मग फळीवर अंगठा ठेवून दाबला, आणखी जोरात दाबला, आणि अंगठा चटका बसल्यासारखा उचलला. "एवढा दाब आहे वरून. ही फळी केव्हाच आत बसायला हवी होती. हिला धरलंय कशानं?"

त्यांनी आरसा बाहेर काढला आणि ताईपुढं धरला. आरशावर वाफ धरली होती. दोघांच्या डोळ्यांसमोर ती हळूहळू विरली.

ताई स्टुलावर बसली. भीती वाटली, खूप वाटली. पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते वेगळंच होतं. तिनं मागितली होती एक संध्याकाळ. आणि कुणीतरी हात वर करून, त्या अंधारात, तेव्हापासून उभं होतं. प्रत्येक तालमीला, प्रत्येक कार्यक्रमाला. ज्या सभागृहात त्यांना वाजवूसुद्धा दिलं नाही, तिथंही.

"काका, नवा टेकू बसवा," ती म्हणाली. "बसू दे त्यांना आता."

"कुणाला?"

ताईनं बासकडे बोट दाखवलं.  काकांनी कांडी मापून कापली, दोन्ही टोकं घासली, वाकड्या हत्याराच्या टोकाला अडकवली. ताई फटीजवळ वाकली आणि आईशी बोलावं तशी बोलली, "बाई, खूप केलंत माझ्यासाठी. फार दमला असाल. आता सोडा... आम्ही धरलंय."

काकांनी हत्यार आत घातलं. अर्ध्यावर ते अडलं. काकांनी ओढलं तर येईना, ढकललं तर जाईना. त्यांचा हात कोपरापर्यंत थरथरू लागला. मग पकड सुटली आणि हत्यार रिकामंच बाहेर आलं.

दोघं फटीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूच्या फटीतून नव्या टेकूचं टोक दिसलं. ते सावकाश वर आलं, बोटभर, मग आणखी थोडं, आणि तसंच थांबलं. नको असलेली वस्तू आपण कुणाला परत देताना हात पुढं करून थांबतो ना, तसं.

ताईनं ते घेतलं. लाकूड उबदार होतं आणि घामानं ओलसर. "बरं," ती कशीबशी म्हणाली. "बरं, बाई. तुमची मर्जी."

काकांनी चिमट्यानं जुना, पडलेला टेकू तेवढा ओढून बाहेर काढला, म्हणजे खुळखुळ थांबेल. हात लावला तो एवढ्यालाच. मग दोघांनी मिळून बास उभा केला. संध्याकाळी कार्यक्रम होता. ताईनं तळवा त्याच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटून आभार मानले, अगदी मनापासून.

"ताई," काका कुजबुजले, "त्या जर दमल्या तर..."

ताईनं त्यांना गप्प राहायची खूण केली. तिच्या तळव्याखाली, लाकडाच्या पलीकडं, फार वेळ उभं राहिलेल्या माणसानं या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा, तसं काहीतरी हललं.