वल्लरीला काहीच कसं होत नाही?

त्या वल्लरी कोठावळेला काहीच कसं होत नाही, हे मला कोडंच होतं. चंद्रावरच्या आमच्या शाळेत तिला उंचीवरून 'बांबू' चिडवतात आणि मला 'बेडकी'. मी साताऱ्याहून नवीनच आलेली. इथे गुरुत्वाकर्षण (आपल्याला खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच. खो-खोत खो मिळाला की मी धावायच्या ऐवजी उडतेच! लगेच ओंकारच्या टोळीचं 'डराव डराव' सुरू. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसते. आणि ही बया मधल्या सुट्टीत खिदळत लाडू खाते. नुसता जळफळाट व्हायचा माझा! शेवटी ठरवलं, उद्या संघातून नावच काढायचं.

माझे आजोबा वसाहतीचे डॉक्टर. आमच्या मनगटांवरचे ताणमापक पट्टे त्यांनीच बनवलेत.

"आजोबा, वल्लरीच्या शरीरात काहीतरी वेगळं आहे. तपासा ना!"

"दुसऱ्याचा आलेख मी नाही दाखवणार. हा तुझा बघ. कुणी चिडवलं की रक्तात कॉर्टिसॉल (संकटात शरीराला सावध करणारं संप्रेरक) वाढतं. ते वाईट नाही गं, पण नंतर उतरायला हवं. तुझं रात्रीपर्यंत चढलेलंच. कुणाला सांगितलंस?"

"सांगून काय होणार? आणखी हसतील."

"मग तिलाच विचार जा."

गेले, नाक मुठीत धरून. "मला तुझा भयंकर हेवा वाटतो," मी फाडकन म्हणाले. "तुला काहीच होत नाही!"

तिनं पट्टा पुढे केला. अगंबाई! तिची रेघ माझ्याहून उंच चढली होती. पण थोड्याच वेळात खाली आलेली.

"मलाही रडू येतं," वल्लरी म्हणाली. "पण मी लगेच माझ्या मित्राला, इशानला सांगते. तो शेजारी बसतो, कधी नुसताच. जवळ आपलं माणूस असलं की मेंदूतली धोक्याची घंटा लवकर थांबते, असं तुझ्या आजोबांनीच सांगितलंय." मग ती हळूच म्हणाली, "मला तर तुझाच हेवा वाटायचा. तू हूं की चूं करत नाहीस. वाटायचं, काय खंबीर आहे ही!"

आता मात्र मला रडू फुटलं. तिच्यासमोरच.

"मी संघातून नाव काढणार होते," मी म्हणाले.

"खुळी आहेस का? आधी बाईंकडे जाऊ, ओंकारचं सगळं सांगू. मग सराव. तुझ्या शेजारच्या चौकोनात मी बसते."